तिरक्या कोपऱ्याचा खण

नारळी पौर्णिमेच्या दुपारी, जेवणाआधी, डहाणूजवळच्या मसोलीतल्या आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात बाकाचा पाचवा खण लोखंडाने भरून पूर्ण बाहेर ओढण्यात आला. तो अडकला नाही, खाली झुकला नाही आणि त्याचा एकही सांधा उघडला नाही. खण मी केला होता. त्या उन्हाळ्यात मी बारावी पास झाले होते. भरणारे माझे वडील होते, ओढणारे माझे मामा.

कारखाना म्हणजे घराच्या मागच्या पडवीला जोडलेली कौलारू शेड. शेडच्या मागे दुसऱ्यांची चिकूची वाडी होती आणि वाडीचा बांध आमच्या जागेला सरळ न येता तिरका येत होता. आजोबांनी शेड बांधली तेव्हा एक वीतही जागा सोडायची नाही म्हणून मागची भिंत बांधाच्या रेषेतच घातली. त्यामुळे शेडचा एक कोपरा कायमचा निमुळता राहिला. सकाळी आई पडवीच्या टोकाला चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या टाकायची आणि तिच्या थापण्याच्या आवाजात बाबांच्या रंध्याचा आवाज मिसळायचा. दोन्ही आवाज आखूड आणि एका लयीचे. जवळच्या रुळांवरून मालगाडी गेली की फळीवरचे खिळ्यांचे डबे थरथरायचे आणि बाबा तेवढ्यापुरती खाचा पाडायची पटाशी उचलून धरायचे. लाकूड चिकटवायचा सरस तापत ठेवलेला असायचा, त्याचा वास आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास यांत आमच्या घरी कोणाला फरक जाणवत नसे. पाहुण्यांना जाणवत असे.

शेडच्या लांबीभर सागाचा बाक होता. हा बाक बसायचा नव्हे. उभ्याने काम करायचे जाड, जड टेबल. त्याच्या पोटात पाच कप्पे होते आणि घरात एक रीत होती. बाकावर काम करणाऱ्याने आपला खण स्वतः करायचा. दुसऱ्याने तो उघडायचा नाही, दुसऱ्याची हत्यारे त्यात ठेवायची नाहीत. खण वर्षातल्या कुठल्याही महिन्यात करा, तपासणी नारळी पौर्णिमेला. तोवर लाकडाने पावसाळ्याचे जेवढे पाणी ओढायचे तेवढे ओढलेले असते आणि तेव्हा जो खण न अडकता सुटतो तो वर्षभर सुटतो. चार कप्प्यांत चार खण होते: आजोबांचा, बाबांचा, काकांचा आणि माझा चुलतभाऊ मधूदादा याचा. आजोबा वारले होते, काका वापीला नोकरीला गेले होते, तरी त्यांचे खण कोणी घेतले नव्हते. पाचवा कप्पा त्या निमुळत्या कोपऱ्यात होता. तो कधीच भरला गेला नव्हता. त्यात आम्ही चिंध्या आणि पॉलिशचे रिकामे डबे कोंबत असू.

बारावीची परीक्षा संपल्यावर मी बाबांना सांगितले की मला बाकावर काम करायचे आहे. शाळेत असल्यापासून मी पॉलिशपेपर मारत होते, सरस तापवत होते, मापे लिहून घेत होते. पण पटाशी माझ्या हातात कामापुरतीच यायची आणि काम संपताच परत जायची. बाबा नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "बाकाला जागा कुठाय?" त्यांची बहीण, म्हणजे माझी आत्या, तलासरीला हायवेजवळ शिवणकामाचे दुकान चालवायची. तिने दुसरे मशीन घेतले होते आणि त्यावर बसायला तिला घरचेच माणूस हवे होते. तसे ठरल्यासारखेच होते.

मी म्हटले, "पाचवा कप्पा रिकामा आहे."

मधूदादा हसला. "कुंदे, त्यात पालसुद्धा वाकडी बसते."

बाबांनी रंधा थांबवला नाही. "कर," ते म्हणाले. "पौर्णिमेपर्यंत. सुटला तर बाक तुझा. नाही सुटला तर आत्याकडे जायचं, आणि मग रडायचं नाही."

आईने आतून विचारले, "आणि सुटला तर तुम्ही नाही ना रडणार?" हे लिहिण्याआधी मी मधूदादाला फोन करून विचारले. आईचा प्रश्न त्यालाही जसाच्या तसा आठवतो.

कप्पा पुढे रुंद होता आणि मागे अरुंद. डावी बाजू सरळ आत जायची, उजवी भिंतीबरोबर आत कलत जायची. वरून पाहिला तर एका बाजूने चेपलेल्या सुपासारखा. त्यात नेहमीचा चौकोनी खण घालायचा तर तो मागच्या रुंदीचा करावा लागला असता आणि त्यात दोन पटाश्या आणि एक हातोडी, एवढेच मावले असते. शिवाय कप्पा पूर्ण भरला पाहिजे, ही रीतच होती. म्हणजे खणाची उजवी फळी तिरकी, आणि पुढच्या फळीशी ती जिथे मिळते तो कोपरा टोकदार.

खणाचा सगळा जीव पुढच्या दोन कोपऱ्यांत असतो. रोज ओढ बसते ती तिथेच. आमच्याकडे त्या कोपऱ्यांना डवटेल घालत: एका फळीच्या टोकाला पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दाते, दुसऱ्या फळीत त्याच आकाराच्या खाचा. पुढून कितीही ओढा, पसरट दाता खाचेतून निसटत नाही. बाबांच्या डवटेलमध्ये पोस्टकार्डाची कडही जात नसे आणि डहाणूत ते सर्वांना माहीत होते. मी डावा कोपरा तसाच केला. तो पहिल्या खेपेला जमला. बाबांनी अंगठ्याने चाचपून पाहिला आणि खणाखाली मधोमध एक सरळ पट्टी बसवायला सांगितली, म्हणजे उजव्या बाजूला आधार नसतानाही खण वाकडा धावणार नाही. मग मी फिरत्या गुण्याने उजव्या कोपऱ्याचा कोन उतरवून घेतला, तसेच तिरके दाते आखले, कापले आणि लाकडी मोगरीने ठोकायला घेतले. तिसऱ्या ठोक्याला दोन दाते मुळापासून तुटून खाली पडले.

लाकडाच्या रेषा फळीच्या लांबीत धावतात. दाता त्या रेषांबरोबर कापला तर तो मजबूत. तिरका कापला तर त्याच्या मुळाशी रेषा आखूड पडतात आणि तो बिस्किटासारखा मोडतो. मी जाड फळी घेऊन कोपरा पुन्हा केला. या वेळी दाते ठोकताना टिकले; पण खिळ्यांचा एक डबा ठेवून खण ओढताच कोपऱ्याने तोंड उघडले.

"सरस जास्त लाव," मधूदादा म्हणाला. "नाहीतर सरळ शिवून टाक. आत्याकडे मशीन आहेच."

मे महिन्याच्या शेवटी आईने मला चिंचणीला पाठवले. तिचे माहेर तिथले. मामा होड्या बांधायचे आणि दुरुस्त करायचे आणि त्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे, कारण सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत. आई म्हणाली की पावसाळ्यासाठी सुका जवळा आणि बोंबील आणायचे आहेत. ते खरे होतेच. पण पिशवी देताना तिने तुटलेला दाता माझ्या हातात ठेवला. "मामाला दाखव," ती म्हणाली. "बाबांना विचारून झालंय ना, मग आता त्याला विचार."

मामा एका होडीच्या तोंडाखाली पाठीवर झोपून काम करत होते. त्यांनी दाता हातात घेतला, पाहिला आणि वाळूत टाकला.

"हे भावोजींचं काम," ते म्हणाले. "चौकटीचं. कोपरा टोकदार झाला की हे मरतं."

"मग तुम्ही काय करता? होडीचं तोंड तर ह्याहून टोकदार असतं."

"ये इकडं. अशी झोप. साडी-बिडी नाहीये ना, झोप." मी त्यांच्या शेजारी वाळूत पडले. "बघ. दोन्हीकडच्या फळ्या इथं येतात. एकमेकींना भेटतात का?"

नव्हत्या भेटत. दोन्ही फळ्यांच्या मध्ये एक जाड उभे लाकूड होते. त्याला तिकडे नाळ म्हणतात. दोन्ही बाजूंच्या फळ्या आपापल्या खाचेत बसून त्या लाकडात शिरलेल्या होत्या आणि लाकडी खुंट्यांनी पक्क्या केलेल्या होत्या.

"फळी फळीला भेटली की भांडतात गो पोरी," मामा म्हणाले. "मधे कोणीतरी पाहिजे."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी उजव्या कोपऱ्यात ऐनाच्या लाकडाचा एक उभा खांब घातला, दोन्ही अंगांना सरळ खाचा पाडल्या, फळ्या त्यांत बसवल्या आणि मामांसारख्या प्रत्येक फळीला तीन खुंट्या मारल्या. कोपरा दगडासारखा झाला. बाबांनी पाहिला आणि दोन्ही हात मागे बांधले.

"खण आहे की होडी?"

"खणच आहे."

"मग ह्यात पाणी भरायचंय का तुला?"

मधूदादाने वल्ही कुठे लावणार ते विचारले. बाबांचा टोमणा मला आईच्या माहेराबद्दलचा वाटला. त्या दोन माणसांत भांडण नव्हते. लग्नाकार्यात ते शेजारी बसत. पण बाबा होडीच्या कामाला सुतारकाम म्हणत नसत आणि मामा कपाटाला खोका म्हणत. त्या आठवड्यात आई दोनदा कारखान्यात आली आणि दोन्ही वेळा खांबाकडे पाहून गेली.

आषाढात खणाची उजवी फळी फुटली. मधल्या खुंटीच्या भोकापासून मागे, लाकडाच्या रेषेबरोबर, एक सरळ चीर गेली. कोणी ओढला नव्हता, कोणी काही ठेवले नव्हते. मी सकाळी शेडचे दार उघडले तेव्हा ती चीर तिथे होती.

कारण समजायला मला दोन दिवस लागले आणि ते मला कोणी सांगितले नाही. होडीचे लाकूड जवळजवळ कायम ओले असते. ते एकदा फुगते आणि फुगलेलेच राहते, म्हणून खुंट्या त्याला घट्ट धरतात. घरातले लाकूड पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते. फळी फुगते ती उंचीत. तिला तीन ठिकाणी खुंट्यांनी जखडले तर तिला हलायला जागा राहत नाही आणि ती फुटते. बाबांचा सांधा टोकदार कोपऱ्यात मोडत होता आणि मामांचा कोरड्या घरात. पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली होती. आत्याचे पत्र आले की मशीन आले आहे, तेल घालून ठेवले आहे, कुंदाला कधी पाठवता. बाबांनी ते वाचून खिडकीत ठेवले.

उत्तर स्वयंपाकघरात होते. आईने जेवायचे पाट धुऊन पडवीत उलटे, भिंतीला टेकवून वाळत घातले होते. पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या असतात, ज्यांवर तो उभा राहतो. आमच्या घरातले सगळे पाट बाबांनी केलेले होते आणि लग्नसराईत ते असे पाट पंगतभर करून देत. त्याला ते काम म्हणत नसत, हात रिकामा नको म्हणून करतो म्हणत. मी पाट हातात घेतला. पट्टीला एकही खिळा नव्हता, सरस नव्हता. पाटाच्या पोटात आतून रुंद, तोंडाशी अरुंद अशी खाच पाडलेली होती, पट्टीची कड त्याच आकाराची केलेली होती आणि ती पट्टी कडेने सरकवत आत घातलेली होती. ओढली तर ती निघत नाही, कारण खाचेचे तोंड अरुंद. पण पाट भिजून फुगला तर तो पट्टीवर मोकळा सरकतो. म्हणूनच रोज धुतला जाणारा पाट फुटत नाही.

मी खांब काढला आणि दुसरा केला, फुटलेल्या फळीच्या जागी नवी फळी घेतली. त्याच्या दोन्ही अंगांना सरळ खाचांऐवजी पाटासारख्या, आत रुंद होत जाणाऱ्या उभ्या खाचा पाडल्या. फळ्यांच्या टोकांना तसाच पसरट आकार दिला आणि त्या खालून वर सरकवत खांबात घातल्या. सरस लावला नाही. प्रत्येक फळीला फक्त वरच्या टोकाला एक खुंटी मारली, म्हणजे फळी जागेवर राहील आणि खाली फुगायला मोकळी असेल. फुगायला जागा म्हणून खणाच्या कडांना दोन पोस्टकार्डे जातील एवढी फट सोडली. बाबा त्या दिवशी बोर्डीला दारांच्या कामावर होते. मधूदादा होता. तो जवळ येऊन बराच वेळ पाहत राहिला आणि त्याने काहीच विनोद केला नाही, यावरून मला वाटले की जमले असावे.

आता त्या शेडमध्ये प्लायवूड येते आणि खण लोखंडी चॅनेलवर धावतात. मधूदादाचा मुलगा मशीनवर एका दुपारी जेवढे खण कापतो तेवढे बाबांनी एका वर्षात केले नसतील. ते चांगले धावतात. मी नंतरची बरीच वर्षे वर्तमानपत्रात काढली आणि बातमीत आधी काय झाले ते सांगायचे, कोणाला काय वाटले ते नाही, असे तिथे शिकले. म्हणून पौर्णिमेच्या दिवशी काय झाले तेवढे सांगते.

मामा सकाळी किनाऱ्यावर नारळ वाहून, बसने दुपारी आले. आईने नारळीभात केला होता आणि बरोबर तळलेली सुरमई. भाताचा वास शेडपर्यंत येत होता, पण रीतीप्रमाणे तपासणी जेवणाआधी. पाऊस सकाळपासून लागून होता आणि बाबांच्या स्वतःच्या खणालाही त्या दिवशी दोनदा हिसका द्यावा लागला. खण करणाऱ्याने हात लावायचा नाही, असा नियम होता. बाबांनी पाचव्या खणात आधी हातोड्या ठेवल्या, मग खिळ्यांचे डबे, मग लाकूड आवळून धरायच्या शिकंज्याचा लोखंडी जबडा आणि शेवटी, कोणी सांगितले नसताना, सरस तापवायचे बिडाचे भांडे. मधूदादा म्हणाला, "काका, आता आत्याचं मशीनपण ठेवा." ओढायचे काम हजर असलेल्यांत वयाने मोठ्या माणसाचे. मामा बाबांपेक्षा मोठे होते.

मामांनी मूठ धरली आणि एका दमात खण टोकापर्यंत बाहेर ओढला. तो मधल्या पट्टीवर सरळ आला. मामांनी हात सोडला. खण भरलेला, बाहेर, तसाच राहिला. त्यांनी तो आत ढकलला आणि पुन्हा ओढला, या वेळी मुद्दाम उजवीकडून, टोकदार कोपऱ्यावर सगळी ओढ येईल असा. मग तिसऱ्यांदा, झटक्याने. भांडे आत घणघणले. कोपरा मिटलेला होता.

बाबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा खाली नेला, वर आणला, मग मान वाकवून खालून पाहिले.

"सरस कुठाय?"

"लावला नाही."

"खुंट्या?"

"एकेकच. वर."

"खाली मोकळं?"

"हो. फुगायला."

"ही पाटाची खाच आहे," ते म्हणाले.

"हो बाबा."

मामाही वाकले. दोघांची डोकी बाकाखाली एकमेकांना लागली. "भावोजी," मामा म्हणाले, "खांब आमच्या होडीचा आहे बरं का."

"खाच माझी आहे."

"खाच आहे तुमची. पण उभी आहे ती आमच्या खांबात."

"तुमचा खांब तर आषाढात फुटला होता."

"खांब नाही फुटला. फळी फुटली. फळी तुमची."

आई पडवीच्या दारात उभी होती. "आणि पोरगी माझी," ती म्हणाली. "भात गार होतोय. उठा दोघंही."

बाबा उठले. त्यांनी बाकावरची एक इंची पटाशी घेतली, जी मी नेहमी मागून घेत असे आणि परत करत असे, आणि ती पाचव्या खणात, हातोड्यांच्या शेजारी ठेवली. बाकीचे लोखंड त्यांनी स्वतः बाहेर काढले. पटाशी तिथेच राहू दिली. जेवताना त्यांनी मधूदादाला सांगितले की बोर्डीच्या दारांचे उरलेले सांधे कुंदा करील, तू चौकटी उभ्या कर. मधूदादा म्हणाला, "म्हणजे आता हिला पॉलिशपेपर मारायला मीच?" आणि त्याने दुसऱ्यांदा भात घेतला.

पुढच्या आठवड्यात आत्या मला न्यायला आली. तिला कोणी कळवले नव्हते. बाबा म्हणाले की पत्र टाकायचे राहून गेले. ती कारखान्यात आली, माझ्या हातात पटाशी पाहिली आणि खुर्ची मागितली. मग बाबांनी तिला पाचवा खण उघडून दाखवला. रीत मोडून, मला न विचारता. आत्याने तो स्वतः दोनदा ओढून पाहिला आणि खालून हात घालून कोपरा चाचपला. तीही सुताराचीच मुलगी होती.

"एवढं माझ्या दुकानासाठी कोणी केलं असतं तर," ती म्हणाली. "कापड बेतायचं टेबल जिन्याखाली येतं. तिथं तिरकी जागा पडून आहे. किती सुतार आणले. सगळे म्हणतात, ताई, इथं खण बसायचा नाही."

"कोन किती आहे?" मी विचारले.

"मला काय माहीत कोन? येऊन बघ."

आत्याच्या दुसऱ्या मशीनवर त्या महिन्यात संजाण बाजूची एक मुलगी कामाला लागली. मी शुक्रवारी सकाळच्या बसने फिरता गुण्या घेऊन तलासरीला गेले, जिन्याखालच्या जागेचे माप घेतले, आत्याकडे जेवले आणि संध्याकाळच्या बसने घरी परत आले.